डोळे मिटून, एका पायावर

माधवगंजातल्या देवळात आरतीला मी डोळे मिटले आणि झुलायला लागले. शेजारच्या बायकांना वाटलं, माझ्या अंगात आलं. एकीने तर माझ्या कपाळाला कुंकू फासून आपल्या मुलाची बदली कधी होणार तेही विचारून घेतलं. सुनेने मात्र मला मागून घट्ट धरलं आणि त्या बाईला सुनावलं. "काकू, देवी नाही, चक्कर आहे. बाजूला व्हा ना जरा."

कानाचे डॉक्टर म्हणाले, आतल्या कानाचं दुखणं आहे, तोल गेलाय, व्यायामाने बराचसा परत येईल. मी जन्मभर हॉकी खेळले, आणि अजूनही सकाळी इथल्या हिंदी बोलणाऱ्या मुलींना शिकवते. तोल गेलाय म्हणे! एवढा अपमान कुठल्या अंपायरनेही केला नव्हता.

"मैदानावर जायचं तर कुणाचा तरी हात धरून जा," हे म्हणाले.

"हात धरून जायचं तर घरीच बसते," मी म्हटलं. बोलून बसले, आणि खरंच घरी बसायची वेळ आली. मुलींवाचून सकाळ नुसती खायला उठायची.

सून पिस्तूल नेमबाज. लग्न ठरलं तेव्हा मी ह्यांना म्हटलं होतं, नुसतं उभं राहायचं, हा कसला खेळ? आता तिनेच आम्हा दोघांना गच्चीवर उभं केलं. एक पाय वर, डोळे बंद. हे तरुणपणी सायकल शर्यतीत उतरायचे. पाय उचलला न उचलला तोच तुळशीशेजारच्या कुंडीवर गेले, आणि वर म्हणतात, "चाक फिरत असलं की मी पडत नाही." माझंही तेच. पळत असताना मला कुणी पाडून दाखवावं, पण उभी राहिले की संपलं. सून मात्र समईसारखी उभी. खाली कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी हलेना. शेवटी गॅस बंद करायला मीच पळाले, तेवढीच सुटका.

पुढे महिनाभर तिने माझी पाठ सोडली नाही. दात घासताना एक पाय, पोळ्या लाटताना एक पाय. "आई, चीटिंग नका करू, ओटा पकडलाय तुम्ही. मला सब दिसतंय." सासूशी असं बोलायची सोय आमच्या वेळी नव्हती.

मग एका सकाळी तिच्या स्कूटरवर मागे बसून मी मैदानावर गेले. मुली धावत आल्या. त्यांना स्टिक कशी वळवायची ते दाखवायला मी गर्रकन फिरले, आणि मैदानही माझ्याबरोबर फिरलं. सून हाताच्या अंतरावर उभी होती, मुद्दाम गोलपोस्टकडे बघत. मी मागितल्याशिवाय ती हात देणार नव्हती, एवढी ती मला ओळखून होती. सगळ्या मुली बघत होत्या. मला लाज वाटली, फार वाटली.

"धर गं मला," मी म्हटलं.

तिने धरलं. तिच्या खांद्यावर सगळा भार टाकून मी मुलींकडे वळले.

"देख क्या रही हो? बॉल मारो!"