साळवेबाईंचं एक पान

हॉटेलात शिरलं की साळवेबाई आधी फॅमिली रूम कुठे आहे ते बघायच्या आणि मग तिच्याकडे पाठ करून बरोबर मधल्या टेबलावर बसायच्या. मी एसटीचा ड्रायव्हर, त्या माझ्या कंडक्टर. कर्जत-नगर मार्गावर आम्ही बरीच वर्षं एकत्र काढली. जेवणाच्या थांब्यावर मी पथ्याचा डबा घेऊन दारातल्या बाकावर बसायचो, म्हणून आतलं सगळं दिसायचं. एकटी बाई अशी मधोमध बसलेली पाहून वेटर हमखास यायचा. "ताई, आत फॅमिलीत बसा ना." बाई मान वर न करता म्हणायच्या, "माझी फॅमिली भाईर गाडीत बसलीय, तिला सोडून आत कशाला जाऊ? भाकर गरम आन." वेटर निमूट भाकरी आणायला जायचा.

मुलगा अंगावर पीत असतानाच बाईंचा नवरा गेला. पुढे त्यांनी कंडक्टरची नोकरी धरली, मुलाला इंजिनिअर केलं, पुण्यात धाडलं. हे सगळं करताना जो तिखटपणा अंगात भिनला तो शेवटपर्यंत गेला नाही. आवाज असा की मागच्या सीटवरचा झोपलेला माणूस उठून तिकीट दाखवायचा. मीही काही गरीब गाय नव्हे, त्यामुळे आमची वादावादी व्हायची. एकदा भर उन्हात मिरजगावच्या पुढे एक म्हातारा रस्त्याकडेला हात करत उभा होता. आधीच उशीर झालेला, मी गाडी रेटली. बाईंनी घंटी अशी ओढली की दोरी तुटायची बाकी राहिली. मी ओरडलो, "एका माणसासाठी किती वेळा थांबायचं?" त्या म्हणाल्या, "एक सीट हाय म्हनून सोडायची का? त्याला घरी जायाचं न्हाई का?" म्हातारा येऊन चढेपर्यंत त्या दारात उभ्या होत्या.

आमच्या रस्त्यावर एक पार्क झालं होतं. पाण्याच्या घसरगुंड्या, सिमेंटचे बैल, खोटी विहीर आणि आत 'गावाकडची पंगत' नावाचं हॉटेल. शहरातली माणसं पोराबाळांना घेऊन तिथे पिठलं-भाकरी खायला यायची, आणि वाढायला फेटेवाले. मला त्या प्रकाराचं हसू यायचं. बाईंना मात्र त्याचं अप्रूप होतं. रोज त्या दारातून ओरडायच्या, "चला, पार्कवाले उतरा!" आणि पोरं उड्या मारत पळाली की तिकडे बघत राहायच्या. म्हणायच्या, "समद्यांना हितं उतरवलं दादा. रिटायर झाले की एकदा मी उतरनार. लेक, सून, नातवंडं, बहीन, समदी घेऊन."

त्या निवृत्त झाल्या आणि पुढच्याच रविवारचं त्यांनी फोनवर बुकिंग केलं. सहा पानं. तिथे आधी फोन करून माणसं सांगावी लागत, कारण जेवण खऱ्या पंगतीसारखं असे. एका बुकिंगची माणसं एका ओळीत, पाटावर, आणि सगळी बसल्याशिवाय वाढपी वाढत नसत. बाईंनी नवी साडी घेतली. मग गळती लागली. श्रीरामपूरच्या बहिणीचे गुडघे दुखायला लागले. बाईंनी फोन करून सहाची पाच पानं केली. नातवंडांची कसलीशी परीक्षा निघाली, सून त्यांच्यापाशी थांबणार. पाचाची दोन केली. शनिवारी संध्याकाळी मुलाचा फोन आला, ऑफिसचं काम आहे, पुढच्या महिन्यात बघू. गुडघे काय, परीक्षा काय, ऑफिस काय! जन्मभर राबलेल्या बाईने एक दुपार मागितली होती, आणि ती द्यायला एकाचाही जीव झाला नाही. मला आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

बाईंनी पुन्हा फोन लावला, दोनाचं एक करा. पलीकडचा म्हणाला, "मॅडम, एकासाठी आम्ही घेत नाही. पंगत आहे ना." बाई म्हणाल्या, "मी एकटी आले तर पंगत बाटती काय?" तो गडबडला. या, बघू, म्हणाला. हे मला कळलं तेव्हा मी म्हणालो, मी आणि आमची मंडळी येतो की. बाई माझ्यावरच उखडल्या. "तुमी कशाला? मला पुरं करायला? मी काय अर्धी हाय का?" शेवटी मोटारसायकलवर सोडण्यापुरती मला परवानगी मिळाली.

आत गेलो तर मधल्या ओळीत पाट मांडलेले, पुढे केळीची पानं, रांगोळी, आणि पाटीवर 'साळवे फॅमिली'. पानं सहा. फोनवरच्या माणसाने तीनदा ऐकून घेतलं होतं, पण स्वयंपाकघरात एकदाही सांगितलं नव्हतं. बाई पहिल्या पाटावर बसल्या. डाव्या-उजव्या ओळीत पिठलं, ठेचा, भाकरी सुरू झालं. बाईंच्या ओळीपाशी आला की वाढपी पुढे सरकायचा. एकदा म्हणाला, "मावशी, तुमची माणसं आली की वाढतो." दुसऱ्यांदा म्हणाला, "कुठवर आलीत विचारा की फोन करून." शेजारच्या ओळीतली पोरं रिकाम्या पानांकडे बोट दाखवायला लागली. मी दाराशी उभा होतो.

मॅनेजर आला. पोरसवदा, गळ्यात ओळखपत्र. बाईंना काही न विचारता तो माझ्याकडे वळला. "काका, तुम्ही बसून घ्या ना. दोन झाले की मला सुरू करता येईल." बाई म्हणाल्या, "ते माझे ड्रायव्हर हायेत. पान भरायला आनले न्हाईत." तो म्हणाला, "मग पार्सल देतो मॅडम. एकट्याने बसायला बरंही वाटत नाही." झालं! बाई उठल्या. शेजारच्या पाटापुढचं पान उचललं, मग त्याच्या पुढचं, पाचही पानं एकावर एक ठेवून त्यांनी मॅनेजरच्या हातात दिली. "ह्यांची मानसं येनार न्हाईत. जी येनार हुती ती आलीय. मला बरं वाटतंय का न्हाई, ते माझं मी बघीन. वाढा."

पलीकडच्या ओळीतली एक म्हातारी सरकून म्हणाली, "बाई, या की आमच्यात. जागा हाय." बाईंचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "आले असते मावशी. पर माझं पान हितं मांडलंय." मॅनेजर ती पानं छातीशी धरून तसाच उभा. वाढप्याने त्याच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि पिठलं वाढलं.

बाई सावकाश जेवल्या. दोनदा भाकरी मागून घेतली, शेवटी ताक प्यायल्या. कुठे घाई नाही, कुणाकडे चोरून पाहणं नाही. मी सिमेंटच्या बैलाजवळ जाऊन बसलो. आत थांबलो असतो तर त्या मॅनेजरला काहीतरी बोललो असतो, आणि ते भांडण माझं नव्हतं. परतताना मोटारसायकलवर मागे बसलेल्या असतानाच मुलाचा फोन आला. मला वाटलं, आता ऐकवतील चार शब्द. बाई एवढंच म्हणाल्या, "झालं जेवान. झ्याक झालं." फोन ठेवल्यावर मी विचारलं, सांगितलं का नाही? म्हणाल्या, "मागून घेतलेली मानसं पंगतीला काय कामाची?"

वर्षाच्या आत बाई गेल्या. झोपेत, कुणाला हाक न मारता. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कर्जतमध्ये केवढा मंडप! मुलाने सगळा गाव जेवायला बोलावला होता. या वेळी बहिणीच्या गुडघ्यांनी तिला आणलं, नातवंडांची परीक्षा नव्हती, ऑफिसलाही सुट्टी होती. बुद्धवंदना झाली. मग मुलगा माईकपाशी गेला, रडवेल्या आवाजात म्हणाला, "आईला माणसं लागायची. ती कधी एकटी जेवली नाही."

मी उठलो. माईकची गरज पडली नाही. "जेवली," मी म्हणालो. "निवृत्त झाल्यावर पहिल्या रविवारी. सहा पानं मांडलेली होती आणि तुझी आई एकटी जेवली. मी होतो तिथे."

बहीण मुलाकडे वळली. "आरं, तू हुतास ना? मला वाटलं, तुमी समदी हाय, मी एकली न्हाई आले तर काय बिघडतंय." मुलगा म्हणाला, "मावशी, मला वाटलं तू आहेस."

मागे वाढप्यांनी पानं मांडली होती. चला, बसा, बसा, अशा हाका सुरू झाल्या आणि माणसं उठून ओळींकडे गेली. ती दोघं तशीच उभी होती. त्यांना बसा म्हणायला कुणी येईना, आणि मीही म्हणालो नाही.