डोहातली बाभूळ

एसटी सुटायला आली तरी दादा, म्हणजे माझे वडील, निरोपाचं अवाक्षर काढेनात. मी मात्र डोळे पुसायची पूर्ण तयारी करून बसलो होतो. शेवटी खिडकीतून त्यांनी लाकूड तासायचा वाकस माझ्या मांडीवर ठेवला. "बाभूळ पाण्यात मुरवल्याबिगर चाकाला लावू नको." संपलं. माझा रडायचा बेत फसला. आईला तेवढं ओरडून सांगितलं, "दिवाळीला येतोच!"

करमाळ्याकडच्या मंडळींनो, आणि माझ्यासारखं तिकडून पिंपरीला आलेल्यांनो, बाभूळ तुम्हाला मी काय सांगावी? काट्यांची पांढरी जोडी, फुलांचे पिवळे गोंडे, मण्यांच्या माळेसारख्या शेंगा. शेंगा शेळ्यांना, डिंक बाळंतिणीला, साल कातडं कमावायला, काडी दातांना. खोड आम्हा सुतारांचं. पाऊस रुसला तरी ही हिरवीच.

पिंपरीत औषधांचा कारखाना उभा राहत होता, पण भरती बंद. शेजारच्या रहाटणी गावच्या शेतकरी खंडूतात्यांनी गोठ्यात जागा दिली, ती अटीवर: बैलगाडीचं चाक नवं कर, जमलं तर गावचा सुतार म्हणून राहा. बाभूळ आदल्याच दिवशी तोडलेली. आठवड्यात चाक उभं केलं. दादा आठवले, पण सोयीने विसरलो.

वैशाखाच्या उन्हात चाकाचा मधला तुंबा उभा तडकला. शेणखताची गाडी भर रस्त्यात बसली आणि शेजारी मी, घरचंच मयत असल्यासारखा.

"चाक केलंस का भाकरी, राव?" तात्या म्हणाले. "दोन तुकडं झालं की!"

"चुकलं, तात्या. दुसरा ओंडका द्या. सहा महिने पाण्यात मुरवतो."

"सा म्हयनं? तवर तू हाईस व्हय हितं? दिवाळीला पळशील."

आई डोळ्यांपुढे आली. तरी म्हणालो, "आहे."

ओंडका साखळीने बांधून पवनेच्या डोहात सोडला. पुरात तो हलला नाही, दिवाळीला मीही. आईने अबोला धरला. दादांचं कार्ड आलं: 'लाकूड पाण्यात असताना सुतार गाव सोडत नाही.'

त्या मुरलेल्या ओंडक्याचं चाक अजून धावतंय. मी आता त्याच कारखान्याच्या सुतारखान्यात, पहिली शिफ्ट. तिथले केमिस्टसाहेब सांगतात, हे झाड आफ्रिकेच्या कोरड्या माळांवरही असतं. असेल, काट्यांसकट कुठेही राहते बया!

कुणी गाव विचारलं की तोंडातून करमाळाच निघतं. पण तात्यांची चाकं सारी झाली, तरी काल सुट्टीला मी पवनेत नवा ओंडका सोडून आलो.