‘येऊ दे’ कोण म्हणालं?

हे मी आजवर बोलले नाही. ह्यांना सांगायचं राहिलं, ते गेले. शांताला तर सांगायलाच हवं होतं — तीही गेली. आता तुम्हीच ऐका.

सातपूरच्या एका गोदामात मी फाटकी पोती शिवायला होते. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. माल चढवायच्या फलाटावर फोर्कलिफ्ट चालायची, नामदेवभाऊ चालवायचे. तिचा भोंगा कधीचा बंद. गाडी मागे घेताना कोणी बघायचं, हेही ठरलेलं नव्हतं. जवळ असेल त्यानं ओरडायचं — ‘येऊ दे, येऊ दे’, नाहीतर ‘थांब’. त्या आवाजावर भाऊ गाडी मागे घ्यायचे. दुसरं काय करणार?

त्या दुपारी मी पोत्यांच्या थप्पीच्या आड शिवत होते. पलीकडे फलाटावरून माझ्या जोडीच्या शांतानं हाक मारली, “अगं, ठेचा आणलाय. झेपेल का तुला?”

मी हसत ओरडले, “बघू तरी! येऊ दे, येऊ दे इकडं!”

आणि गाडी मागे आली.

शांताचा पाय गुडघ्याखाली चिरडला. पुढे तो काढावाच लागला.

साहेबांनी सगळ्यांना उभं केलं. भाऊ हात जोडून म्हणत होते, “साहेब, ‘येऊ दे’ ऐकलं मी. बाईचा आवाज होता.” मग माझ्याकडे वळले. “ताई, तुम्ही तिथंच होता. सांगा ना.”

त्यांना माझ्यावर संशय नव्हता हो — भरवसा होता. मी काय म्हणाले? “मी नाही बाई काही ऐकलं.”

‘प्यायला असेल,’ असं कोणीतरी म्हणालं. ज्या माणसानं कधी थेंबाला हात लावला नाही, त्याला तेवढ्यावरून नोकरीतून काढलं. पुढे कोणी विचारलं की मीही तेच सांगायचे. प्यायला होता म्हणून.

शांताला त्या दुपारचं काही आठवेना. आणि मला — कसं सांगू — बरं वाटलं.

काही वर्षांनी सिन्नरच्या स्टँडवर भाऊ भेटले. हमाली करत होते. त्यांनीच विचारलं, “शांताबाई कशा आहेत?” बऱ्या आहेत म्हटलं. तिथं साहेब नव्हते, कोणी नव्हतं. सांगता आलं नसतं का?

एसटी लागली. भाऊंनी माझी जड पिशवी उचलून वर चढवली, मला खिडकीजवळ जागा धरून दिली. मी बसले.