सहाव्या माळेची फेरी

२३ सप्टेंबर १९६३, सोमवार. सकाळी साडेपाच वाजता सुभेदार साहेबांनी आम्हाला उमरखेडच्या पुढे एका शाळेच्या आवारात फॉल-इन केले. नवरात्राची सहावी माळ होती. पैनगंगेला पूर आला होता आणि वरच्या अंगाला पाऊस अजून चालू असल्याचा निरोप होता. दुपारपर्यंत पाणी आणखी पुरुषभर चढेल असा अंदाज देण्यात आला. नदीकाठच्या एका वस्तीला पाण्याने वेढले होते. बारा वाजण्यापूर्वी ती रिकामी करायची, असा आदेश होता. वस्तीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही.

मी इंजिनिअर्सच्या फील्ड कंपनीत हवालदार होतो. आमच्या तुकडीत याच जिल्ह्याचे दोघे होतो. मी केळापूरकडचा. दुसरा लान्स नाईक युसूफ, दारव्ह्याचा. त्याचे वडील जिनिंगमधली यंत्रे आणि मालमोटारी दुरुस्त करीत. युसूफला बोटीमागची आउटबोर्ड मोटर आवाजावरून कळे. आम्ही तिला इंजिनच म्हणत असू. तो अडाण नदीत पोहायला शिकला होता. तो नमाज चुकवीत नसे. त्या सकाळीही फॉल-इनच्या आधी शाळेच्या विहिरीवर त्याने हातपाय धुतले आणि ओल्या व्हरांड्यात ग्राउंडशीट अंथरून नमाज पढला. मग माझ्याकडे येऊन म्हणाला,

"साहेब, एक विचारू? केळापूरकडे हसाले मनाई हाय काय?"

"बोटीतलं पाणी उपसलं का?"

"उपसलं."

"मग इंजिन बघ."

"पाह्यलं. तेही तुमच्यासारखंच हाय. सकाळी आधी गुरगुरते, मंग चालते."

मी हसलो नाही. त्याला ते अपेक्षितही नव्हते.

आमची असॉल्ट बोट प्लायवूडची होती. बोटीवर तिघे: मी, युसूफ आणि सॅपर नामदेव. वायरलेस सेट नामदेवकडे होता. काठापासून वस्तीच्या टेकाडापर्यंत मूळची शेते होती. आता तेथे पाणी वाहत होते. मध्ये धार होती, तिच्यात पऱ्हाटीची झुडपे आणि झाडांच्या फांद्या येत होत्या. इंजिनावर एका फेरीला थोडा वेळ लागे. साडेनऊपर्यंत जवळजवळ सगळी वस्ती रिकामी झाली. आधी लेकरे, मग बाया, शेवटी पुरुष. एक म्हातारा बकरीशिवाय चढेना, म्हणून बकरीही घेतली. तोपर्यंत सर्व काही ड्रिलप्रमाणे झाले.

शेवटचे एक घर उरले. ते टेकाडाच्या माथ्यावर होते. जोते उंच, काळ्या दगडाचे. घरात दोन बाया होत्या: काशीबाई आणि तिची सून सखू. काशीबाईचा मुलगा आदल्या दिवशी ढोरे घेऊन पलीकडच्या काठाला गेला होता आणि तिकडेच अडकला होता. सखूला आठवा महिना होता.

काशीबाई घटासमोर बसली होती. टोपलीत काळी माती, तिच्यात बोटभर वाढलेले गहू, मधोमध मडके. वर झेंडूच्या माळा लोंबत होत्या. शेजारी दिवा.

"बाई, निघायचं आहे," मी म्हणालो.

ती उठली नाही. "कोन्या गावचे जी तुम्ही, जमादार?"

"केळापूरकडचा."

"तुमच्या घरी घट बसते काय?"

"बसतो."

"मंग तुमची माय घट सोडून पळाली काय कधी?"

युसूफ उंबऱ्याबाहेर थांबला होता. तो म्हणाला, "माय, पाणी चढून राह्यलं."

"माह्या जोत्यावर नाही चढत. देवी चढू देत नाही. तू तुही नाव बांध अन् चहा घे."

"चहा घेतो, पन त्या काठावर. इथं तुही चूल कोरडी हाय, बाकी समदं ओलं."

सखूने मला कारण सांगितले. तिची दोन मुले जन्मापूर्वीच गेली होती. या वेळी सासूने देवीला नवस बोलला होता. नऊ दिवस दिवा विझू द्यायचा नाही, घट हलवायचा नाही. देवीने लेकराला राखायचे. दिवा टाकून गेले तर आपणच शब्द मोडल्यासारखे होईल, असे काशीबाईचे म्हणणे होते. सखूला निघायचे होते. पण सासूला सोडून ती निघणार नव्हती.

मी सुभेदार साहेबांना वायरलेसवर कळवले. सेटवर आमच्या बोटीचे नाव 'टू वन' होते.

"टू वन, किती माणसं बाकी? ओव्हर."

"दोन. दोन्ही बाया. एक गरोदर. यायला तयार नाहीत. ओव्हर."

"टू वन, उचलून आणा. पाणी चढणार आहे. ओव्हर."

"विल्को. आउट," म्हणजे हुकूम पाळतो, असे मी सांगितले.

मी पुढे झालो. काशीबाईने घरातल्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली. सखू भिंतीला टेकून खाली बसली आणि पोटावर हात ठेवून रडू लागली. मी थांबलो. झटापट करणारा माणूस अशा बोटीत घेतला तर बोट उलटते. हे मी प्रशिक्षणात शिकलो होतो आणि एकदा प्रत्यक्ष पाहिलेही होते.

तोडगा सखूने काढला. डोळे पुसून ती म्हणाली, "आत्याबाई, माहूरच्या गडावरून पोट्टे ज्योत घेऊन गावोगाव धावत येतात. वाटेत देवी कोपते काय? आपनबी ज्योत घेऊ. घट इथंच राहू द्या. याच्या दिव्यात तेल भरून ठेवू. विझला तर ज्योत आपल्यासंगं राहीन."

काशीबाईने खांब सोडला. मग उठली, एक लहान दिवा काढला, वात वळली.

आता अडचण माझी होती. पेट्रोलच्या बोटीत उघडी ज्योत नेता येत नाही. हा स्थायी आदेश होता आणि तो योग्य होता. इंजिनाच्या टाकीतून पेट्रोल थोडे झिरपत असे. तळातल्या पाण्यावर त्याचा तवंग होता. मी तसे सांगितले.

"मंग मी नाही येत," काशीबाई म्हणाली आणि वात खाली ठेवली.

युसूफ मला बाजूला घेऊन गेला. "साहेब, दिवा अन् पेट्रोल एका नावेत नको, इतकाच हुकूम हाय ना?"

"हो."

"मंग पेट्रोल इथं ठेवतो. इंजिनबी. नाव धुऊन घेतो. वल्ह्यावर जाऊ."

"या धारेत?"

"तिरपी धरू. खाली वडापाशी लागू. मले भरोसा हाय."

"कशाचा?"

"वरच्याचा. अन् थोडा वल्ह्याचा."

मी धारेकडे पाहिले. लाकडे येण्याचे प्रमाण सकाळपेक्षा कमी झाले होते. दुसरा मार्ग बळाचा होता आणि तो बोटीत अधिक धोक्याचा होता. मी म्हणालो, "ठीक आहे."

युसूफने इंजिन काढून ओसरीच्या एका टोकाला ठेवले. पेट्रोलचा डबा दुसऱ्या टोकाला. बोट दोनदा धुतली. लाइफ जॅकेट तीन होती. दोन बायांना दिली. तिसरे नामदेवला, कारण त्याला पोहता येत नव्हते. मी आणि युसूफ जॅकेटशिवाय होतो. काशीबाईने घटाच्या दिव्यात काठोकाठ तेल घातले. ज्योत लहान दिव्यावर घेतली, दिवा परातीत ठेवला आणि वरून पदराचा आडोसा केला.

युसूफ बोटीच्या पुढच्या टोकाला बसला. "माय, दिव्याची जबाबदारी तुही. नावेची माही."

"देवाचं नाव घेतलं काय तुह्या?"

"घेतलं."

"मंग वल्हव." आणि ती मोठ्याने म्हणाली, "उदे गं अंबे उदे!"

दहा वाजून वीस मिनिटांनी आम्ही निघालो.

अर्धे पाणी नीट गेले. युसूफ पुढून ताल देत होता. "हां... हां... नामदेव, पानी काप, ताक नको घुसळू." सखूने डोळे मिटले होते. काशीबाई परातीवर पूर्ण वाकली होती. तिला ज्योतीखेरीज काही दिसत नव्हते. वारा आमच्या पाठीकडून होता, त्यामुळे आडोसा टिकला.

धारेच्या मध्यावर वरून एक बाभूळ आली. सबंध झाड, मुळांसकट. पाण्याखालचा भाग आम्हाला दिसला नाही. इंजिन असते तर आम्ही तिच्यापुढून निघून गेलो असतो, किंवा फांद्या पंख्यात अडकल्या असत्या. दोन्ही शक्य होते. नंतर चौकशीतही हेच म्हटले गेले. बाभूळ बोटीच्या डाव्या बाजूला टेकली आणि बोट तिच्याबरोबर वाहू लागली. धारेकडची बाजू दबली. पाणी आत येऊ लागले.

"दाबून धरा!" मी ओरडलो. आम्ही वल्ह्यांनी रेटले. झाड सुटेना. एक फांदी बोटीच्या काठावर अडकली होती.

युसूफने वल्हे आत टाकले. "साहेब, मी उतरतो."

"थांब. दोर बांध."

दोर माझ्या पायाशी होता. मी तो उचलला, तेव्हा युसूफ खोडावर पोचलेला होता. काठावर आणखी चार बोटे पाणी आले असते तर बोट बुडाली असती. हे त्याला माझ्याआधी दिसले. त्याने खोडावर बसून दोन्ही पायांनी बोट रेटली. फांदी मोडली. बोट सुटली आणि सरळ झाली. त्याच झटक्याने खोड फिरले.

तो वर आला नाही. मी दोर फेकला. तो रिकामा परत ओढला. नामदेव त्याच्या नावाने ओरडत होता. मी त्याला वल्हवायला सांगितले. बोटीत दोन बाया होत्या आणि पाणी होते. मी मागे वळलो नाही. वळता येत नव्हते.

आम्ही वडाच्या बरेच खाली काठाला लागलो. सेट भिजला नव्हता.

"टू वन. दोन बाया सुरक्षित. लान्स नाईक युसूफ पाण्यात. झाडाखाली. दुसरी बोट खालच्या वळणावर पाठवा. ओव्हर."

सुभेदार साहेबांचा आवाज आला, "टू वन, पुन्हा सांगा. ओव्हर."

मी पुन्हा सांगितले.

काशीबाईने पदर बाजूला केला. दिवा जळत होता. तिचा चेहरा उजळला. "पाह्यलं काय जमादार? देवीनं शब्द पाळला." तिने परात सखूकडे दिली आणि बोटीकडे पाहिले. "तो पोरगा कुठं गेला? त्याले चहा द्याचा हाय ना."

मी तिला सांगितले. जास्त शब्द वापरले नाहीत.

ती खाली बसली. म्हणाली, "त्याले माय हाय काय?"

"आहे. दारव्ह्याला."

"माह्या देवीनं त्याले काहून नाही पाह्यलं?"

हा प्रश्न तिने मला विचारला होता की नाही, मला माहीत नाही.

युसूफ तिसऱ्या दिवशी खालच्या अंगाला सापडला. दारव्ह्याच्या कबरस्तानात त्याला मी पोचवले. त्याआधी घरी गेलो तेव्हा त्याचे वडील तेलकट हातांनीच उठून उभे राहिले आणि त्यांनी एवढेच विचारले, "काम पुरं झालं होतं काय?" मी म्हणालो, "झालं होतं." आई आतल्या खोलीत होती. चौकशीत कोणालाही दोष दिला गेला नाही. सखूला पुढे मुलगी झाली आणि ती जगली. देवाने कोणाचा भरवसा पाळला आणि कोणाचा नाही, याचा हिशेब मी बरीच वर्षे मांडून पाहिला. तो माझ्याच्याने जुळला नाही. युसूफने तो मांडलाच नसता. सकाळी जेवढा भरवसा होता, तेवढाच घेऊन तो खोडावर उतरला. त्याच्या आवाजात मी भीती ऐकली नाही. त्याच्या एकाही विनोदाला मी हसलो नाही, याचे मात्र मला वाईट वाटते.

त्या दिवशीचे सांगायचे थोडे राहिले आहे. दुपारी वरचा पाऊस थांबल्याचा निरोप आला. अंदाज चुकला होता. दोन वाजल्यापासून पाणी उतरू लागले. खालच्या वळणावर शोध चालू होता. पाच वाजता सुभेदार साहेबांनी मला दुसऱ्या बोटीतून इंजिन आणायला पाठवले. दुसऱ्या दिवशीच्या शोधासाठी ते हवे होते. नामदेव बरोबर होता.

काशीबाईच्या घराच्या जोत्यावर पाण्याची खूण पाहिली. खालचे दोन थर ओले होते. त्यावरचे दगड कोरडे होते. उंबरा कोरडा होता. पाणी तिच्या जोत्यावर चढले नव्हते. ती बाई बसली होती तेथेच बसून राहिली असती, तरी चालले असते.

नामदेवने ते स्वतः पाहिले. त्याने इंजिन आणि डबा बोटीत नेला. मी बूट काढून आत गेलो. घट जसाच्या तसा होता. दिव्यातले तेल तळाला गेले होते, वात तडतडत होती. कोनाड्यात तेलाची बाटली होती. मी दिव्यात तेल घातले, बोटाने वात वर सारली, हात कोनाड्यातल्या चिंधीला पुसला आणि बाहेर येऊन दाराची कडी लावली.