खिडकीजवळच्या सीटवरचा टॉवेल

शिरूर स्टँडवर दौंडची गाडी थांबायच्या आधीच लोक खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत फेकतात. एकदा कुणीतरी चप्पल टाकलेली मी स्वतः पाहिली आहे. मला ह्या प्रकाराची किळस येते. कुणाच्या तरी घामाच्या फडक्याला मान देऊन आपण दौंडपर्यंत उभं राहायचं! आमचे आबा, म्हणजे वडील, ह्यातले वस्ताद. जागेवर टॉवेल टाकायचा आणि खुशाल चहा, तंबाखू, लघवी उरकायला उतरायचं. गाडी हललीच तर शेजारचा ओरडतो, "थांबा, एक माणूस खाली हाय!"

माझी धाकटी बहीण शिक्रापूरजवळच्या कारखान्यात होती. तिथं आलेल्या स्विस इंजिनिअरशी तिनं लग्न ठरवलं. आबा हो-नाही करत अखेर माझ्याबरोबर पुण्याला लग्नासाठी निघाले. शिक्रापूरला ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली, तसा त्यांनी सीटवरचा टॉवेल उचलला, खांद्यावर टाकला आणि "तू जा" म्हणून उतरले. रजिस्ट्रार ऑफिसच्या दारात बहीण किती तरी वेळ माझ्या मागं बघत होती. मग मी तिला सगळं सांगितलं, टॉवेलासकट. त्यानंतर आबा आणि ती कधी बोलले नाहीत.

यंदा आबांनीच विषय काढला, "जाऊन येऊ एकदा." विमान इटलीचं मिळालं. तिथून कोमो सरोवराच्या काठानं रेल्वे आणि पुढं डोंगरात चढणारी पिवळी बस, थेट स्वित्झर्लंडमधल्या तिच्या गावापर्यंत. बहीण मला फोनवर म्हणाली, "मी थांब्यावर येते. पण त्या गाडीतनं ते उतरले न्हाईत, तर पुन्हा त्यांचं नाव काढू नको."

सरोवराकाठी रेल्वे बदलायला उतरलो, तेव्हा आबांनी त्या निळ्याशार पाण्यात खळाखळा चूळ भरली, तोंड धुतलं आणि टॉवेल बुचकळून पिळला. शेजारच्या बाईनं तोंड वाकडं केलं. तिच्याच हातातलं आइस्क्रीम तिचं कुत्रं चाटत होतं, ते मात्र तिला चालत होतं. मला दोघांचीही शिसारी आली.

पुढं रेल्वेतून उतरलो तर पिवळी बस लागलेलीच होती. आबांनी खिडकीजवळ टॉवेल टाकला, वर पिशवी ठेवली. पिशवीत लेकीसाठी गुऱ्हाळावरचा गूळ आणि चार्जर लावलेला माझा फोन. "जागा धरली. चल, मोकळं होऊन येऊ."

स्टेशनची मुतारी शोधता शोधता नाकानंच सापडली. फरशी ओली, पाणी नाही, भिंतीवर काय काय लिहिलेलं. आबा खूष झाले. "शिरूरच हाय की रं!" मी नाक दाबून बाहेर आलो, तर बस निघालेली, पिशवीतल्या फोनसकट. आतल्या एकाही सुटाबुटातल्या माणसानं 'माणूस खाली हाय' म्हटलं नाही.

"त्याला टॉवेल दिसला न्हाई का?"

"आबा, त्यांच्या लेखी तो नुसता टॉवेल आहे!" मी भर रस्त्यात ओरडलो. त्यांचा, त्या ड्रायव्हरचा, सगळ्या प्रवासाचाच मला वीट आला होता.

आबा कट्ट्यावर बसले. तंबाखूची पुडी काढली आणि तशीच खिशात ठेवली. "ती म्हनंल, बाप पुन्हा वाटंतनंच माघारी गेला."

पुढच्या बसमध्ये ते शेवटपर्यंत जागचे हलले नाहीत. बाहेर धबधबे होते म्हणे. लोक काचेला मोबाईल चिकटवून 'वॉव, वॉव' करत होते, मला एकेकाच्या मुस्काटात द्यावीशी वाटत होती.

गावच्या थांब्यावर बहीण उभी होती. पायाशी पिशवी, खांद्यावर टॉवेल.

"मघाच्या गाडीतनं कुणीच उतरलं न्हाई. मी घरी निघालेच व्हते," ती म्हणाली. "मग खिडकीशी टॉवेल दिसला." तिनं आबांकडं पाहिलं. "शिक्रापूरला तुम्ही टॉवेल घेऊन उतरला व्हता, आबा."

आबांनी मान खाली घातली. त्या टॉवेलाला घामाचा, तंबाखूचा आणि कोमोच्या शेवाळाचा वास मारत होता. तिनं त्यातच तोंड खुपसलं आणि डोळे पुसले.