जागतिक क्षमता आणि आंटींचा फ्रिज

आमगावहून गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर प्रश्नावल्यांचा गठ्ठा होता आणि मी विलायतेला निघाल्यासारखे आईबाबा फलाटावर हात हलवत होते. आमच्या घरात दहावीपुढे शिकलेली मी पहिलीच. एम.एड.च्या प्रबंधाचा विषय होता, विद्यार्थ्यांची जागतिक क्षमता, म्हणजे परक्या भाषा-संस्कृतीच्या माणसांत सहज मिसळता येणं, कशातून घडते. मार्गदर्शक मॅडमांनी बजावलं होतं, "माहिती नीट आली नाही तर विषय बदलावा लागेल. वर्ष जाईल." माझं वर्ष गेलं तर धाकट्या बहिणीच्या फीला पैसे उरणार नव्हते, तिचं कॉलेजही लांबणार होतं.

दरेकसाचा बोगदा, डोंगरगडची टेकडी, मग दुर्ग, आणि झाडांवरून डोकावणाऱ्या पोलाद कारखान्याच्या चिमण्या. भिलाई स्टेशनाबाहेर मामा स्कूटर घेऊन हजर होते. ते कारखान्यात क्रेन चालवतात. सेक्टरमधली क्वार्टरं इतकी एकसारखी, की वीस वर्षं तिथे राहणारे मामा मला घेऊन भलत्याच गल्लीत वळले. "तुह्याशी बोलता बोलता चुकून राहिलो ना मी," म्हणत त्यांनी दोष माझ्यावर ढकलला. घरी मामींनी फरा (तांदळाच्या पिठाचे वाफवलेले मुटके) केला होता. मी सात खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मामेबहीण टीनाच्या नववीच्या वर्गात प्रश्नावल्या भरून घेतल्या. वर्गात नायडू होते, मोहंती होते, साहू, चॅटर्जी, कौर, सगळेच. मला वाटलं, माझा प्रबंध इथेच लिहून तयार आहे. घरी येऊन गठ्ठा सोडला. 'इतर संस्कृतीच्या लोकांशी तुमचा संबंध किती वेळा येतो?' चाळीसच्या चाळीस जणांनी खूण केली होती: कधीच नाही.

मामा म्हणाले, "कावून तोंड पाडून बसली व?"

मी टीनाचा कागद तिच्यापुढे धरला. "कधीच नाही? आणि शेजारच्या तेलुगू आंटी?"

"अरे यार ताई, आंटी कुठं दुसऱ्या संस्कृतीची आहे? आंटी तं बाजूची आहे!"

एवढं बोलून ती वाटी घेऊन बाजूच्या क्वार्टरात शिरली. मी मागोमाग गेले. आंटी पेसरट्टु (मुगाचं धिरडं) उलटत होत्या. टीनाने फ्रिज उघडला, दही काढलं, तेलुगूत काहीतरी ऐकवलं. आंटींनी तिला उलथणं दाखवलं. दोघी हसल्या.

मी तिथूनच मॅडमांना फोन करून विचारलं, प्रश्न बदलू का? त्या म्हणाल्या, "छापील प्रश्न बदलायचा नाही. हवा तर एक जोडा. पण त्याचं काय करायचं ते मी बघून ठरवीन."

सकाळी मुख्याध्यापकांकडून दहा मिनिटं मागून घेतली आणि फळ्यावर प्रश्न लिहिला: 'तुमची भाषा न बोलणाऱ्या किती घरांत तुम्ही न विचारता फ्रिज उघडता?'

वर्गात एकच गलका झाला.

"मॅडम, फ्रिज नहीं है, मटका है. चलेगा?"

"दीदी, अभी उनसे झगड़ा चल रहा है. गिनूँ?"

"गिन, गिन! झगड़े में भी तो इसने आइसक्रीम खाई है!"

कुणी तीन लिहिलं, कुणी सहा. एकाने घरांची यादीच सुरू केली आणि विचारलं, जागा पुरत नाही, कागदाच्या मागे लिहिलं तर चालेल का?

परतीच्या गाडीत मी ते कागद पुन्हा पुन्हा वाचले. मी जागतिक क्षमता छापील प्रश्नांत शोधत होते, आणि ही मुलं ती रोज शेजारच्या घरी जाऊन दह्याबरोबर खात होती.

मॅडमांनी सगळं वाचलं. "हा प्रश्न शास्त्रीय नाही," त्या म्हणाल्या. मी गठ्ठा आवरायला लागले. "तुमचं स्वतःचं उत्तर किती?"

खोटं बोलवेना. निघायच्या दिवशी मला तहान लागली होती. आंटी म्हणाल्या होत्या, "पानी लेलो ना अम्मा, फ्रिज उधर है." मी गेले, दाराला हात लावला, आणि वळून विचारलंच, "आंटी, खोलूँ?"

"शून्य," मी म्हणाले.

मॅडमांनी पेन उघडून मंजुरीची सही केली.

"माझंही," त्या म्हणाल्या.