वहिनींनी ओतलेला पेला

थंडीत वहिनींच्या कमरेला पाण्याच्या शिश्या बांधलेल्या असत. तपासायचं पाणी औषध घातलेल्या शिशीत भरून उबेला ठेवायचं. दिवस-दोन दिवसांत काळं पडलं की ते पिण्यालायक नाही. आमच्या लॅबमध्ये ऊब देणारी पेटी होती, पण वीज गेली की तीच गारठायची. म्हणून वहिनी शिश्या पदराखाली घेऊनच पोळ्या लाटत, पावर हाउसच्या बाजारात भाजी घेत, आणि ऑटोत कोणी खेटून बसलं की म्हणत, "सरकून बसा भाऊ, पोटाशी घाण पानी हाय."

मी आठवीत शाळा सोडून तुमसरहून या हिंदी बोलणाऱ्या शहरात आलेली. नमुने गोळा करायचं काम वहिनींनीच मिळवून दिलं. ते उपकार विसरणार नाही. तरी त्यांच्यासोबत वस्तीत गेले की जळफळाट व्हायचा. बायका त्यांच्यासाठी खुर्ची पुसत, बाळ त्यांच्या मांडीवर देत. मी आपली दाराशी सामान धरून उभी. नळाचं पाणी किती साफ दिसतं, असं कोणी म्हणालं तर वहिनी म्हणत, "त्याचं काय लगन लावाचं हाय? दिसण्याचं काय घेऊन बसली?" बायका हसत, आणि मुकाट्यानं पाणी उकळत.

मग हातात मावणारं मशीन आलं. पाण्यात बुडवलेली काडी आत घातली की मिनिटभरात जंतूंचा अंदाज देणारा आकडा दिसतो. ते मला मिळालं. वाटलं, आता मान माझा. लॅबचे साहेब मात्र म्हणाले, लोक तुझं ऐकतात का बघू, नाहीतर दुसरी पाहू. म्हणजे मला परत गाव.

पहिल्याच वस्तीत आकडा भलताच चढला. हे पाणी पिऊ नका, असं मी घसा सुकेपर्यंत सांगितलं. एक जण म्हणाली, "भाभी को बुलाओ. शीशी काली होगी तब मानेंगे." तोवर लेकरं तेच पाणी पिणार. शेवटी मीच फोन लावला.

वहिनी आल्या. शिशी काढलीच नाही.

"तुले पक्कं वाटून राहिलं?"

मी मान डोलावली. बायकांनी त्यांना प्यायला दिलेला पाण्याचा पेला त्यांनी नालीत ओतला. "हिनं सांगतलं ना. मंग शिशी कायले पाहिजे?"

घरोघरी पाण्याचे गुंड-हंडे रिकामे झाले. माझं काम टिकलं. तरी जीव जळलाच: पाणी ओळखलं मी, ऐकलं त्यांचं.

आता गुडघ्यांमुळे वहिनी गोंदियाला मुलाकडे गेल्या आहेत. मी नको म्हटलं की बायका निमूट पाणी ओततात आणि शेजारणीला हाक मारून सांगतात, "भाभी की लड़की बोली है." माझं नाव कोणी विचारत नाही. मीही सांगत नाही.